महिनाअखेरचे फोटो

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गेलेला माणूस फोटोत दिसतो म्हटल्यावर घरी कोण बसणार! त्या माणसाची बायको मात्र खिडकीच्या गजांआडून बघत होती, कारण खोलीला बाहेरून कुलूप होतं.

टेकडीवरच्या संशोधन केंद्रात आपोआप पक्ष्यांचे फोटो काढणारा एक कॅमेरा होता. तिचा नवरा तो सांभाळायचा. तो गेल्यानंतरच्या महिन्याच्या फोटोंत घरट्याशेजारी तोच उभा!

"आत्मा यंत्रात अडकलाय!" अंगणात ठाण मांडून बसलेले बुवा गरजले. "बायकोनं उंबरा ओलांडला, तर कायमचा भटकेल. यंत्राच्या लहरी आणि आत्म्याच्या लहरी एकच!" बुवांनी लहरी कुठे मोजल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सोमवारी तिला शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं, नाहीतर नोकरी हातची जाणार. पण कुलपापेक्षा मनातली शंकाच घट्ट होती. खरंच अडकला असेल तर?

केंद्रातच कामाला असलेली नणंद जेवण द्यायच्या निमित्ताने सासूबाईंकडून कुलूप उघडून घेऊन आत आली आणि तिनं फोटो पुढे धरला. "वहिनी, नीट बघ."

"हाताला पट्टी आहे," ती पुटपुटली. "भाजलं तेव्हा मीच बांधली होती. पण ते जाण्याआधीच ती सुटली होती गं!"

"म्हणजे फोटो आधीचा! आमच्याकडे दर महिन्याला नवा फोल्डर करायचा कंटाळा. जुन्याचंच नाव बदलून नव्या महिन्याचं देतात. फोटोंना नुसते आकडे, तारीख नाही. एक नंबरचा नवा फोटो आला की एक नंबरचा जुना पुसला जातो. या महिन्यात कॅमेरा मध्येच बंद पडला, फोटो कमी आले. म्हणून शेवटचे जुने तसेच राहिले. दादाचा फोटो त्यातलाच."

नणंद बाहेर पडताच सासूबाईंनी पुन्हा कुलूप लावलं. नणंद लॅपटॉप घेऊन अंगणात गेली. त्यावरच बुवांचा फोटो काढला, एका फोल्डरात टाकला, फोल्डरला शंभर वर्षांपूर्वीच्या सालाचं नाव दिलं आणि तो सगळ्यांना दाखवला.

"बुवा, शंभर वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या अंगणात काय करत होता?"

अंगणात हशा पिकला. बुवांना एकदम साधनेची वेळ आठवली आणि ते चपला न घालताच पसार झाले.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे... तो तिथं नाही?"

"नाही, आई," खिडकीतून सून म्हणाली. "ते गेले."

दोघी मनसोक्त रडल्या, मध्ये गज होते. मग सासूबाईंनी कुलूप काढलं. "सोमवारी डबा मी करून देईन," त्या म्हणाल्या.

सून उंबरा ओलांडून अंगणात आली. काहीही झालं नाही.

मंडळी, उद्या कुणी असाच चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हा फोटो नक्की कधीचा? गेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणसाला कोंडू नका.