सायकलवरचं अस्वल

देवाने माणसाच्या पोटात भुकेला जागा ठेवली, ते समजण्यासारखं आहे. मत्सराला तिथे कुणी बोलावलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. शिवणकाम करणाऱ्या वहिनीच्या पोटात मात्र तो ऐसपैस मांडी घालून बसला होता.

वहिनीला शाळकरी पोरांचे जुने डबे जमवायचा नाद. पत्र्याचे, कडीचे, झाकणावर रंगीत चित्रं छापलेले. मशीनमागच्या काचेच्या कपाटात ते ओळीने मांडलेले असत. माप देताना ज्या गिऱ्हाइकाची नजर तिकडे गेली नाही, त्याचे कपडे हमखास उशिरा मिळायचे. सगळे डबे होते, एक सोडून. सायकलवर बसलेल्या अस्वलाचा. त्याच्यासाठी तिने जुन्या बाजारात चपला झिजवल्या, भंगारवाल्यांना चहा पाजून पाजून बिघडवून ठेवलं.

आणि तो मिळाला कुणाला, तर धाकट्या नणंदेला. ही दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणारी, वहिनीचं बघून परवा परवा नादी लागलेली. स्टूल घ्यायला गेली, तर दुकानदाराने खिळे ठेवलेला तो डबा वर फुकट दिला. डबा घेऊन ती नाचत वहिनीकडे आली. कडेला थोडा गंज होता, पण अस्वल कसं टवटवीत. वहिनी "छान आहे गं" म्हणाली आणि टाचणी बोटात टोचून घेतली.

"तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं, वहिनी? हा गंज कसा काढू?"

या नादातला पहिला धडा असा, की छापील चित्राला आंबट लावायचं नाही. तेलाचं बोट आणि मऊ फडकं, बस. हे वहिनीनेच दहा जणांना शिकवलेलं. पण जीभ वेगळंच बोलून गेली.

"व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेव. सकाळी तारेच्या घासणीने घास."

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या हातून एक शिवण सरळ जाईना. एका झग्याला तिने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. शेवटी दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि नणंदेचा दवाखाना गाठला. अडवायला जातेय, असं स्वतःला सांगत होती. उशीर झालाय हेही कळत होतं.

मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली, नणंद नर्सबाईंबरोबर जेवत होती. मांडीवर तोच डबा. कोरा, लख्ख पत्रा. कोपऱ्यात सायकलचं एक चाक तेवढं उरलेलं.

"अस्वल पळालं बघ," नणंद हसली. "मीच जास्त घासलं असेन. पण बरं झालं, कपाटात कोंडायची भानगड गेली. डबा कामाला लागला."

वहिनीला खाली बघवेना, वर बघवेना. "तुझं नाही चुकलं. चित्र जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं."

नर्सबाईंचा घास हातातच राहिला. नणंदेचा चेहरा उतरला. तिने झाकणावरून बोट फिरवलं.

"मागायचा होतास," ती म्हणाली. "दिला असता मी."

मग डबा मधोमध सरकवून म्हणाली, "जेवली नसशील. बस."

वहिनी बसली. दोघींचे हात डब्यात जात होते, नर्सबाईंचाही आला. आपल्या कपाटातल्या एकाही डब्यात तिने कधी भाताचं शीत टाकलं नव्हतं. डबा रिकामा होत चालला, आणि काय सांगावं, तिला तो कालच्यापेक्षा जास्त हवासा वाटू लागला.