चार बोटे मोकळी जागा

मित्रांनो, मला ओळखायचे असेल तर उभे राहून चालत नाही. पाठीवर निजावे लागते आणि छताकडे बघत जावे लागते. मी एक जुनी ट्रॉली आहे, रुग्णालयात माणसाला झोपवून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेतात ती. तुमच्यापैकी कोणावरही माझ्यावर निजायची वेळ न येवो. पण आलीच, तर घाबरताना माझी गोष्ट आठवावी, म्हणून सांगते आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका वेल्डरने नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, वर पत्रा ठोकला आणि खाली चार चाके बसवली. त्यातली तीन शहाणी निघाली. चौथे जन्मापासूनच बडबडे. मी भार पेलते की नाही हे बघायला तो वेल्डर दुपारी जेवण झाल्यावर स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. माझा पहिला प्रवासी तोच. जागचा हलला नाही, पण फार लांब जाऊन आला. त्याच्या पाठीतून त्याचे स्वप्न माझ्यात झिरपत होते. आपल्यावर निजणाऱ्याच्या मनातले आपल्याला कळते, हे मला त्या दुपारी समजले.

पुढे गादीचे माप चुकले. गादी शिवणाऱ्या बाईंनी गप्पा मारता मारता माप घेतले आणि गादी चार बोटे अरुंद झाली. माझ्या डाव्या अंगाला पत्र्याची एक पट्टी उघडीच राहिली. रुग्णालयातल्या साहेबांनी नाक मुरडले, पण मला परत पाठवायचा त्यांना कंटाळा आला. त्या पट्टीवर मग कोणी कागद ठेवी, कोणी चष्मा, कोणी अर्धा प्यालेला चहा. मला तिची फार लाज वाटे.

मग मामा आले. रुग्णालयात ट्रॉली ढकलणाऱ्याला सगळे मामाच म्हणतात, पण हे मामा म्हणजे दार अडवून उभे राहतील एवढे आडदांड. त्यांचा आवाज ऐकून रडणारी पोरे गप्प होत आणि गप्प बसलेली रडायला लागत. असा माणूस लिफ्टला घाबरत असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते. लहानपणी लपाछपी खेळताना ते एका लोखंडी पेटीत लपले होते आणि झाकण अडकून बसले होते. तेव्हापासून बंद जागेत त्यांना धाप लागे. आणि काम नेमके असे मिळाले की दिवसातून वीस वेळा लिफ्टचे तोंड बघायचे.

लिफ्टच्या दारात ते क्षणभर थांबत. पट्टीवर कोणी काही ठेवले असेल तर ते उचलत, तळहात पट्टीवर टेकवत, डोळे मिटत आणि ओठ हलवत. मगच मला आत ढकलत. कोणी विचारले तर म्हणत, तिथे काही ठेवू नका, ती जागा दिलेली आहे. लोक पाठीमागे हसत. मीही हसले असते, पण त्यांच्या तळहाताचा घाम मला लागे, आणि वरचा मजला येईपर्यंत तो हळूहळू सुके. हे रोज बघून बघून मला माझ्या पट्टीची लाज वाटेनाशी झाली.

अशी वर्षे गेली. ऑपरेशनला जायच्या वाटेवरचे छत मला तोंडपाठ झाले. आधी सहा दिवे, मग बदकाच्या आकाराचा ओलीचा डाग, मग छतात बसवलेली मोठी काच, आणि मग लिफ्ट. गुंगीचे औषध घेतलेली मुले त्या बदकाशी बोलत. एकाने तर त्याला घरी न्यायचा हट्ट धरला होता. काचेखालून जाताना वरचे ढग आणि मी एकाच चालीने चाललो आहोत असे वाटे. माझ्यावरचे मूल डोळे अर्धे मिटून तरंगू लागे आणि त्याच्याबरोबर मीही. आपली चाके फरशीवर आहेत की नाहीत हे मग मलाच सांगता येत नसे.

अशाच एका सकाळी भिंगरी माझ्यावर निजली. सात वर्षांची पोर. खरे नाव फाइलमध्ये होते. भिंगरी हे तिच्या आजोबांनी ठेवलेले. तिच्या उजव्या पायाची टाच जमिनीला टेकत नसे, म्हणून ती चवड्यावरच गिरकी घेऊन वळायची. दोन ऑपरेशने लागतील, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. दुसरे ऑपरेशन हाडे कोवळी आहेत तोवर व्हायला हवे होते, नाहीतर टाच कायमची वरच राहिली असती.

त्या पहिल्या खेपेला आजोबा माझ्या बाजूने चालत होते. नातीची थरथर त्यांना बघवेना. ते तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, देवाला सांग, दुखू देऊ नको, मग अजिबात दुखणार नाही. त्यांनी ते मायेपोटी सांगितले. भिंगरीने सहाही दिव्यांखाली सहा वेळा तसे म्हटले.

आणि मित्रांनो, दुखले. शुद्धीवर आल्यावर खूप दुखले. तिला खाली मीच आणत होते, म्हणून मला ठाऊक आहे.

दोन महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनची सकाळ उजाडली, तेव्हा भिंगरीने पलंगाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गुंगीचे औषध तिने तोंडाला लावू दिले नाही. आई समजावून समजावून थकली. सिस्टरने गोष्ट सांगून पाहिली. आजोबा देवाचे नाव काढायला गेले, तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "त्याने ऐकलं नाही. मी सहा वेळा सांगितलं होतं."

आजोबांचा चेहरा असा पडला की मला तोंड फिरवावेसे वाटले. वर भुलीचे डॉक्टर खोळंबले होते. आजची वेळ हुकली तर पुढची कधी मिळेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ओढून न्यायला आई तयार नव्हती आणि तसे ओझे मलाही नको होते.

एरवी अशा वेळी मामा मधे पडत नसत. त्या दिवशी मात्र ते पलंगाशी उकिडवे बसले आणि त्यांनी आपलीच अडचण सांगितली, की त्यांना आता लिफ्टने वर जायचे आहे आणि त्यांना लिफ्टची फार भीती वाटते.

भिंगरीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "एवढे मोठे असून?"

"एवढा मोठा असून."

"म्हणून तुम्ही डोळे मिटता. मी मागच्या वेळी पाहिलं होतं. देवाला सांगता ना, भीती घालव म्हणून?"

"आधी तेच सांगायचो. पण नाही गेली. वीस वर्षं झाली, रोज तेवढीच वाटते." मामांनी माझ्या उघड्या पट्टीवर हात ठेवला. "आता एवढंच म्हणतो, मी निघालोय, तूही चल. इथे तुझ्यासाठी जागा ठेवलीय."

"मग येतो?"

"दिसला नाही कधी. पण एकट्याने मला त्या लिफ्टमध्ये पाऊलसुद्धा टाकता आलं नसतं, आणि मी तर रोज वर पोचतो."

एवढ्याशा जागेत तो मावतो का, असे तिने विचारले. मामा म्हणाले, त्याची अजून तरी तक्रार आलेली नाही. भिंगरीने पट्टी नीट निरखली. मग तिने दांडा सोडला. गोड औषध पिऊन टाकले आणि अट घातली, "मी फक्त लिफ्टपर्यंत येईन. तुम्हाला सोडायला."

आम्ही निघालो. सहा दिवे आले, गेले. ती त्यांना काही बोलली नाही. बदक आले, काच आली, वर एक गुबगुबीत ढग आमच्या चालीने चालू लागला. औषध अंगात उतरत होते. माझे चौथे चाक कुरकुरत होते ते तिला गाणे वाटत होते. सिस्टर फाइल घेऊन पुढे गेल्या होत्या. लिफ्ट माझ्यानेच भरत असल्यामुळे आई आणि आजोबा जिन्याने निघाले. लिफ्टच्या दारात मामांनी डोळे मिटले. भिंगरीने त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि आपली अट आपणच मोडली. "चला, मी येते वरपर्यंत," ती म्हणाली.

दार लागले. आम्ही वर चढू लागलो. आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट गचकन थांबली.

वीज गेली होती. पंखा बंद पडला आणि कोपऱ्यातला एक मिणमिणता दिवा तेवढा उरला. मामांनी घंटा दाबली. पाच मिनिटे धीर धरा, असे वरून कोणीतरी ओरडले. पण मामांना पाच मिनिटे म्हणजे ती पेटी होती. त्यांचा श्वास तुटू लागला. माझ्या दांड्यावरचा त्यांचा हात सुटला आणि ते भिंतीला टेकले. पाठीवर भिंगरीचे काळीज धडधडत होते, बाजूला मामांचे. वीस वर्षांत मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. आता ते पडतात की काय, असे मला वाटले.

तेवढ्यात भिंगरीने हात लांब केला, त्यांचे बोट पकडले आणि त्यांचा पंजा ओढून माझ्या पट्टीवर ठेवला. त्यावर आपला हात ठेवला. आणि झोपाळलेल्या आवाजात म्हणाली, "देवा, आम्ही दोघं निघालोय. मामांना भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तू चल."

एवढेच. दुखू देऊ नको असे ती म्हणाली नाही, लिफ्ट चालू कर असेही नाही.

मग लिफ्टमध्ये अगदी शांत झाले. मिणमिणत्या उजेडात लोखंडी भिंती दूर दूर सरकल्यासारख्या झाल्या. मी शपथ घेऊन सांगू शकणार नाही, पण त्या पट्टीवर भार आला. दोन हातांचा तर होताच, त्याहून थोडा जास्त. मी जन्मभर वजने पेलली आहेत, मित्रांनो. मला वजनातले कळते.

मामांचा श्वास हळूहळू लांब झाला. त्यांनी डोळे उघडले. लिफ्ट चालू झाली ती त्यानंतर बऱ्याच वेळाने.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंतच मामांना येता येते. तिथे आई आणि आजोबा काळजीने वाट बघत उभे होते. आतल्या सिस्टरने माझा दांडा धरला, तेव्हा भिंगरी जड जिभेने म्हणाली, "मामा, आत माझ्याजवळ खूप डॉक्टर आहेत. तुम्हाला एकट्यालाच परत जायचंय. त्याला तुम्ही घेऊन जा."

मामांनी पट्टीवरून एकदा हात फिरवला. मग ते म्हणाले, "तो दोघांना पुरतो गं."

मोकळ्या हाताने उतरायचे असले की मामा नेहमी जिना धरत. त्या दिवशी मी आत होते, माझी पट्टी त्यांच्या हाताखाली नव्हती. तरी दारापलीकडे लिफ्ट उघडल्याचा आवाज मी ऐकला, मग मिटल्याचा, आणि मग ती खाली गेल्याचा.

दुपारी मी भिंगरीला परत आणले. तिला दुखत होते, मित्रांनो. ती रडलीही. आजोबा पलंगाच्या डाव्या कडेला बसले होते. देवाचे नाव घ्यायचे धाडसच त्यांना होईना. भिंगरी डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, थोडं सरका ना. तिथे जागा ठेवायचीय."

आजोबा सरकले. कशासाठी ते त्यांना कळले नव्हते. मग ती पुटपुटली ते त्यांनी ऐकले, आणि आपला हात तिच्या हाताशेजारी त्या रिकाम्या जागेवर ठेवला.

प्लास्टर निघाल्यावर ती एकदा माझ्यावरून चालत गेली, म्हणजे माझ्या बाजूने. दोन्ही टाचांचा आवाज येत होता. तिने गिरकी मात्र घेतलीच, सवय होती ना.

आता मामा निवृत्त झाले आहेत. मला धुलाईच्या खोलीत ठेवले आहे. इथून छतातले बदक दिसत नाही. माझे चौथे चाक गंजून मुके झाले आहे आणि माझ्यावर चादरींचे ढीग रचतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझी तक्रार नाही. चादरीही बिचाऱ्या आजारी माणसांच्याच असतात. फक्त एक विनंती आहे. कधी या खोलीत आलात तर त्या चाकाला थेंबभर तेल घाला, आणि डाव्या अंगाच्या चादरी थोड्या आत सरकवा. तिथे काही ठेवू नका. ती जागा दिलेली आहे.