मंगळवारचे बटाटे

फोनवर मी आजीला बजावून सांगितलं होतं, की घर जसं आहे तसंच राहू दे. सिंकमधली भांडी, बाथरूमच्या फरशीवरचे डाग, खिडक्यांवरची धूळ, कशाला म्हणून हात लावायचा नाही. पालिकेची बाई तेच बघायला येतेय. आजी "हो, हो" म्हणाली होती.

सोमवारी दुपारी मी दार उघडलं, तर आधी हिरव्या साबणाचा वास आला. खिडक्या अशा लख्ख, की काच आहे की नाही तेच कळू नये. जाळीचे पडदे धुऊन ओलेच टांगले होते. ओले पडदे स्वतःच्याच वजनाने सरळ होतात, हे आजीचं जुनं शास्त्र. ती स्वतः स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. अंगात चर्चचा निळा ड्रेस, केस नीट बसवलेले, आणि श्वास अजून जागेवर आलेला नव्हता.

"आजी, काय करून ठेवलंस हे?"

"काय म्हणजे? पाहुणी येतेय."

"पाहुणी नाही गं ती! तुला मदत लागते की नाही, ते ठरवायला येतेय."

"म्हणून मी तिला जळमटं दाखवू? रुलफीन विर्सेमाच्या घरात जळमटं लोंबतात, असं पालिकेत जाऊन सांगेल ती."

"तेच तर सांगायला हवंय तिने."

"इतकी वर्षं शहरात हेच शिकलीस वाटतं."

मी शिकतेय ते शरीराच्या हालचालींचं शास्त्र, त्यामुळे माणूस कसा बसतो, कसा उठतो याकडे माझं आधी लक्ष जातं. खुर्चीच्या हातांवर तिची बोटं दाबून पांढरी झाली होती. घोट्यांवर सूज होती, मोज्याची कडा आत रुतली होती. पडदे काढायला ती स्टुलावर चढली असणार. मी विचारलं नाही.

आमच्याकडे या भेटीला स्वयंपाकघरातलं बोलणं म्हणतात. पालिकेचं माणूस घरी येतं, टेबलाशी बसून कॉफी पितं, चार गोष्टी विचारतं, आणि काही दिवसांनी निर्णय कळतो. निर्णय एकाच गोष्टीचा व्हायचा होता, दर मंगळवारी येणारी मारिस्का यापुढे येणार की नाही.

मारिस्का पन्नाशीची, मोठ्याने हसणारी बाई. एका संस्थेकडून घरं साफ करायला जाते. ती यायला लागण्याआधीचा हिवाळा मला आठवतो. आजोबा गेले होते. गावातलं दुकान बंद झालं होतं. बस हवी तर आदल्या दिवशी फोन करावा लागायचा, आणि आजी म्हणायची, माझ्या एकटीसाठी कशाला बस पळवायची? शेजारचं घर पश्चिमेकडच्या मोठ्या शहरांतल्या कुणीतरी सुट्टीसाठी घेतलेलं. माझी आई दूर आर्नहेम शहरात, तिची नोकरी, तिची गुडघेदुखी. आजी सिंकशी उभ्या उभ्या पाव खायची, कारण "एकटीसाठी काय बटाटे उकडायचे?" ती वाळत चालली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही निघालं नाही. त्यांनी ताकदीचं गोड पेय लिहून दिलं. त्या बाटल्या फडताळात तशाच राहिल्या.

मग मारिस्का आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात आजीला ड्रेस सैल करून घ्यावे लागले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण दुसरा काही बदल मला तरी सापडला नव्हता.

पालिकेच्या डेकरबाई वेळेवर आल्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, खांद्याला जड पिशवी. त्यांनी दारातच बूट काढले आणि आजी खूश झाली.

"काय सुंदर घर ठेवलंय हो, विर्सेमाबाई!"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शर्यत जिंकलीच.

तिने स्वतः उठून कॉफी केली. मी उठायला लागले तर टेबलाखालून पाय मारला. उठताना टेबलाची कड, मग ओट्याची कड, मग फडताळाची मूठ असं धरत धरत गेली. परक्या माणसाला ते ऐटीत चालणं वाटलं असतं. डेकरबाई तेव्हा पिशवीतून पेन शोधत होत्या.

"तब्येत कशी आहे?"

"उत्तम. तक्रार कसली?"

"जिन्याने वर जाता?"

"रोज."

ती गेल्या वर्षापासून खालच्या खोलीत झोपते. मी खोकले.

"नात माझी," आजी म्हणाली. "शहरातल्या हवेने छाती बिघडलीय तिची."

डेकरबाई हसल्या. बाथरूम बघून आल्या. परत बसल्या तेव्हा चेहरा जरा गंभीर होता. "मारिस्का शेवटची कधी आली होती?"

"मंगळवारी. मंगळवारीच येते ती."

"म्हणजे जवळजवळ आठवडा झाला. पण फरशी अजून ओली आहे. कुणी धुतली?"

मी तोंड उघडणार तोच आजी म्हणाली, "मी. सोमवारी मीच धुते."

"दर सोमवारी?"

"आज खिडक्या आणि पडदे जास्तीचे. एरवी फरशी, बाथरूम, धूळ. दिवस जातो माझा, पण होतं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. माझी समजूत होती, की मारिस्का सफाई करते आणि मग दोघी जेवतात.

"मग मंगळवारी मारिस्का काय करते?" डेकरबाईंनी हळू विचारलं.

"बटाटे सोलते." आजी जराही अडखळली नाही. "मी वाटाणे नाहीतर कोबी टाकते, मटणाचे गोळे तळते. मग आम्ही दोघी टेबलावर बसून जेवतो. तिच्या नवऱ्याचं सांगते ती मला. मेला एक नंबरचा आळशी आहे. उरलेलं मी बुधवारी, गुरुवारी गरम करते. घर आधीच साफ असलं, तरच तिला बसायला वेळ मिळतो ना?"

डेकरबाईंनी पेन खाली ठेवलं. "विर्सेमाबाई, तुम्ही खरं सांगितलंत, पण मी अडचणीत आले. मला सफाईसाठी माणूस देता येतं. जेवायला सोबत देता येत नाही. तालुक्याच्या गावी गुरुवारी एकत्र जेवण असतं, तिथे जाता येईल."

"तिथे सगळी म्हातारी असतात."

"तुम्ही पंचाऐंशीच्या आहात."

"म्हणूनच म्हणते. म्हाताऱ्यांशी बोलून बोलून काय बोलणार? आज हा गेला, उद्या तो जाणार."

डेकरबाईंना हसू आलं, पण त्यांनी पिशवी जवळ ओढली. मला कळलं, की बोलणं संपलं आणि मंगळवारही संपला. त्या कठोर नव्हत्या. पुढच्या घरी जायचं होतं त्यांना.

"एक मिनिट," मी म्हणाले. "आजी, खुर्चीला हात न लावता उठून दाखव."

"मी काय सर्कशीतली घोडी आहे?"

"आजी, प्लीज. हात छातीवर घे आणि ऊठ."

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिची काचेची बरणी फोडली तेव्हासुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं. मग तिने हात छातीवर घेतले, पाय मागे ओढले आणि जोर लावला. जरा वर आली, आणि धपकन बसली. पुन्हा जोर लावला. या वेळी खुर्चीपासून सुटलीच नाही. गळ्याच्या शिरा फुगल्या. निळ्या ड्रेसचं वरचं बटण उघडलं.

"राहू द्या," डेकरबाई म्हणाल्या. "बास झालं."

आजीने बटण लावलं. त्याला वेळ लागला. डेकरबाई आणि मी टेबलाकडे बघत बसलो.

"अशा पायांनी तुम्ही स्टुलावर चढता," डेकरबाई म्हणाल्या, आता वेगळ्याच आवाजात. "तुमची मदत मी चालू ठेवते. पण सफाई मारिस्काच करेल, तुम्ही नाही. मी संस्थेला तसं कळवते. फरशी, बाथरूम, खिडक्या, सगळं नेमून देईन. म्हणजे तुम्हाला हात लावावा लागणार नाही."

"आणि बटाटे?"

"तेवढा वेळ तिला उरणार नाही. तुमच्यासाठी तयार जेवणाचे डबे सांगू का? घरपोच येतात."

"त्या गोड बाटल्यांसारखी चव असेल त्यांना," आजी म्हणाली.

डेकरबाई जाताना दारात माझ्या दंडाला हात लावून गेल्या. "बरं केलंत, सांगितलंत." मलाही वाटलं, की बरंच केलं असावं. मंगळवार वाचला होता.

आत आले तर आजी तिथेच होती. पडद्यांतून पाणी निथळून खिडकीच्या कट्ट्यावर साचत होतं आणि तिने ते पुसलं नव्हतं.

"काल सांगितलं असतंस तर मी उठले असते," ती म्हणाली. "आज दमलेय."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं, म्हणून आजच उठवलंस."

मी नाही म्हटलं नाही. मग ती हिशोब लावावा तशी सावकाश बोलायला लागली.

"म्हणजे मंगळवारी ती व्हॅक्यूम क्लीनर फिरवणार. मी इथे बसून पाय वर उचलणार. आवाजात तिला बोलता यायचं नाही, मला ऐकू यायचं नाही. मग ती दुसऱ्या घरी पळणार."

"मी शनिवारी येत जाईन, आजी."

"तू शनिवारी येशील, पुढच्या शनिवारी परीक्षा असेल, मग कुणी मित्र असेल. असू दे. असायलाच हवं." तिने माझा हात थोपटला. राग कधीच उतरला होता. रागावायलाही ताकद लागते. "ते जाऊ दे. मला एवढं सांग, सोमवारी मी काय करायचं?"

मी टोपलीतून बटाटे काढले आणि सोलायला बसले. माझ्या हातून जाड साली निघतात. एरवी ती दोन बटाट्यांतच चाकू हिसकावून घेते. आज नुसती बघत राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, की तिला काही भूक नाही, पण मी आपल्यापुरते उकडून घ्यावेत.