'आणि'च्या पुढची जागा

पिकअपच्या हौद्याच्या पत्र्याला उभ्या खाचा होत्या. त्यातल्या एका खाचेत मधोमध ठेवलेली बेअरिंगची गोळी क्षणभर जागीच थांबली, मग हलकेच निघाली आणि घरंगळत केबिनच्या पत्र्याला जाऊन टेकली. तेजस्विनीने ती उचलून पुन्हा मधोमध ठेवली. पुन्हा तेच झालं.

"यादवकाका, गाडी फिरवून उलटी लावा बरं."

"आता गाडीला प्रदक्षिणा बी घालू का, ताई?" यादव कुरकुरला, पण त्याने गाडी फिरवली. फरशीलाच उतार असता तर आता गोळी मागच्या फळीकडे जायला हवी होती. ती केबिनकडेच गेली.

स्टुलावर बसलेल्या खंडेरावांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. लेक काय करते आहे ते त्यांना आत्ता कळलं.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज त्यांनी पत्र्याच्या शेडपासून उभं केलं होतं. गेल्या दसऱ्याला बहिरू पेंटरकडून बोर्ड नवा करून घेतला. 'खंडेराव आणि' इतकं लिहून बहिरूने विचारलं होतं, "पुढं 'सन्स' टाकू?" खंडेरावांना मुलगा नव्हता. पुतण्या अश्विनचं नाव टाका म्हणून भाऊ मागे लागला होता. तेजस्विनीने ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून बापाच्या बरोबरीने गाड्यांखाली आडवं व्हायला सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. खंडेराव बहिरूला म्हणाले, "थांब जरा. नंतर सांगतो." ते 'नंतर' काही उगवलं नाही. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण वर बघून विचारायचा, "आणि कोण, मिस्त्री?" खंडेराव हसायचे आणि पाना पुसत बसायचे.

पोरगी हुशार आहे हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक तिच्या हाती गाडी देईल का, हे ठाऊक नव्हतं. त्यातच चाकणच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं आणि हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. आज शनिवार. तिने बापाला काही विचारलं नव्हतं. ती विचारणारही नव्हती. तो स्वभाव तिने त्यांच्याकडूनच घेतला होता.

यादव हरसूलचा. कारली, गिलकी, भोपळे भरून मार्केटला आणायचा. त्याची पिकअप जुनी, रंग उडालेली, पण इंजिन ठणठणीत. गेले काही महिने मात्र ती रस्त्यावर सरळ चालेना. खंडेरावांनी दोन्ही टायरॉड एंड बदलले, स्टीअरिंग बॉक्स उघडून त्यातली ढिलाई काढली, पुढचे टायर मागे टाकले. अलाइनमेंटवाल्याने चाकं सरळ करून दिली. जॅकवर उचलून चाक हलवलं तर कुठेही खटका नाही. तरी परवा वाघेऱ्याच्या घाटात वळण संपलं आणि स्टीअरिंग परत फिरलंच नाही; आरसा कठड्याला घासून गेला.

"आता बी नाय जमलं तर भंगारात घालतो," यादव आज आल्या आल्या म्हणाला होता. "माल भरलेली असली की गुणाची गाय. मोकळी झाली की दारू पिल्यावानी. घरच्या वाटंलाच नखरे करते, बायकोवानी."

"घरी जाऊन सांगू का काकूंना?" तेजस्विनी म्हणाली होती, आणि मग हसू थांबवून तिने विचारलं होतं, "मोकळी असतानाच?"

मोकळी असतानाच. हे वाक्य यादवने खंडेरावांनाही ऐकवलं होतं, एकदा नाही, दर खेपेला. दर खेपेला ते त्याच्या बोलण्यावर हसले होते. त्यातलं निम्मं हसण्यासारखं होतं आणि निम्मं ऐकण्यासारखं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तेजस्विनी गोळी खिशात टाकून खाली उतरली. "काका, सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा असतो का तिरका?"

"तिरका."

"म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, हँडल आपलं आपण जागेवर येतं. गाडीलाही तसाच तिरकेपणा दिलेला असतो. सायकल मागून उचलून धरली तर?"

यादवने हवेतच सायकल उचलून पाहिली. "चिमटा उभा होतोय."

"तुमच्या गाडीचं तेच झालंय. मोकळी पिकअप मागून थोडी उंच असतेच, पण इतकी नाही. माल भरला की मागचं खाली बसतं आणि पुढचं सगळं जागेवर येतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जास्तीची पानं, म्हणजे पट्ट्या, घातल्यात; त्यांनी मागचं वर उचललंय. ती काढायची."

यादव हळूच खंडेरावांकडे वळला. "मिस्त्री, ती पानं तर..."

"मीच घातली," खंडेराव म्हणाले. "टोमॅटोच्या सीझनला. तूच रडत होतास ना, माल भरला की हौदा बसतो म्हणून?"

"मंग जास्तीचा माल कसा आणायचा मी?"

"दोन खेपांनी," तेजस्विनी म्हणाली. ती बापाकडे बघत नव्हती. त्यांना कमीपणा येऊ नये म्हणून बघत नव्हती, हे खंडेरावांना समजलं, आणि गंमत म्हणजे कमीपणा आलाच नव्हता. आपण आयुष्यभर हाताने चाचपून दोष शोधले. ही उभ्या उभ्या, एका गोळीवर, आपली चूक पकडते. आणि ही शिकली कुठे? डिप्लोमाला, हे खरं. पण या फरशीवरही.

दुपारपर्यंत पानं उतरली. गाडीची मागची बाजू खाली आली, जशी ती नवी असताना होती. गॅरेजचा एक नेम होता: काम झाल्यावर ट्रायल मिस्त्रीने घ्यायची, दुसऱ्या कुणी नाही. खंडेराव डावीकडचं दार उघडून आत बसले. तेजस्विनी बाहेरच उभी.

"आप्पा, तुम्ही तिकडे?"

"चल, किल्ली लाव."

यादव हौद्यात चढला. सोमेश्वरच्या बाजूला रस्ता मोकळा होता. वळण पूर्ण झाल्यावर तेजस्विनीने स्टीअरिंगवरचे हात सैल सोडले. चाक तिच्या तळव्यांमधून आपलं आपण फिरलं. स्टीअरिंगच्या वरच्या दांडीला बांधलेला देवीचा लाल दोरा खालून वर आला आणि बरोबर मधोमध थांबला. गाडी सरळ चालली.

"आली जागेवर!" हौद्यातून यादव ओरडला.

गॅरेजसमोर उतरताना त्याने बोर्डाकडे मान वर केली. "गाडी सुधारली, पण तुमचा बोर्ड काय सुधरंना. आणि कोण, मिस्त्री? का पेंटर पळून गेला?"

खंडेराव हसले नाहीत. त्यांनी फोन काढून कानाला लावला.

"बहिरू? रंग घेऊन ये. हो, आत्ताच. नाही, पुढे लिहायचं नाही. आधी आहे ते सगळं पूस." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "आणि मग लिही: 'तेजस्विनी आणि खंडेराव'. याच क्रमाने."