दहा माणसांची टाकी

घर बांधताना देवघराचं तोंड कुठे असावं, हे लोक मला दहादा विचारतात. संडासच्या टाकीचं झाकण कुठे राहील, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम करतो आहे, आता हा राग अंगात मुरला आहे.

म्हणून पांढुर्ण्याच्या साइटवर देवकाबाईंचा फोन आला तेव्हा मी आधी भडकलोच. "मिस्त्री, टाकी भरली वाटते. संडासातून पाणी परत येऊन राहिलं. रविवारच्या आत या."

रामाकोन्याचं त्यांचं घर चौदा वर्षांपूर्वी मीच बांधलं. बाईंचे यजमान पुंडलिकराव तेव्हा होते. टाकीचं माप विचारलं तर बोटं मोजून म्हणाले, "मोतीराम, दोन पोरं, दोन सुना, चार नातवंडं अन् आम्ही दोघं. दहा माणसाची कर." तेव्हा पोरांची लग्नंही झाली नव्हती. मी हसलो, पण खड्डा दहा माणसांचाच खणला. विहिरीपासून दूर हवी म्हणून अंगणाच्या पार टोकाला, चाळीस फूट पाइप टाकून. झाकणाला उचलायला दोन कड्या ठेवल्या. पुढे थोरल्या वीरेंद्रच्या लग्नात पाहुण्यांना झाकण दिसू नये म्हणून त्यांनी दुसऱ्याच कोणाकडून अख्ख्या अंगणावर काँक्रीट ओतून घेतलं. कड्याही गेल्या अन् झाकणही गेलं. मला विचारलं असतं तर मी हातातली थापी फेकून मारली असती.

आता पुंडलिकराव नाहीत. वीरेंद्र इंदूरला, धाकटा वैभव पुण्याला. बाई एकट्या.

"एवढी घाई काहून?" मी गेल्यागेल्या विचारलं.

"वीरेंद्र येऊन राहिला, चार दिवस. मागच्या टायमाले संडास उलटला अन् सुचिता प्रणालीले घेऊन त्याच सांजेले लॉजवर गेली." सुचिता त्यांची सून, प्रणाली नात. "यावेळी तसं नको व्हाले, मिस्त्री. यावेळी राहाले पाहिजे ते."

मी न्हाणीच्या भिंतीपासून माप घेतलं, हातोडीने ठोकत गेलो आणि पोकळ आवाज आला तिथे छिन्नी लावली. अर्धा दिवस गेला. तेवढ्यात बाईंनी तीनदा चहा आणला. खुर्ची टाकून बसल्या आणि बोलत राहिल्या. प्रणालीला कोणती भाजी आवडते, तिच्यासाठी संत्री कशी झाडावरच राखून ठेवली आहेत. बोलायला माणूस मिळाला की असं होतं. माझी वत्सला गेल्यापासून मीही साइटवरच्या मजुरांचं डोकं खातो.

झाकण निघालं. तासभर तसंच उघडं ठेवलं, वायू जाऊ दिला, बाईंना जवळ फिरकू दिलं नाही. मग बांबू घातला. टाकीत पाणी कायम वरपर्यंतच असतं, त्यावरून काही कळत नाही. पाहायचा असतो तो तळाचा गाळ. तो निघाला जेमतेम वीतभर.

"भरली न?" बाईंनी लांबूनच विचारलं. त्यांना ती भरलेलीच हवी होती, हे त्यांच्या आवाजात कळत होतं.

माझी जीभ रेटेना, पण कामात खोटं बोलायची सवय नाही. "नाही बाई. चौदा वर्षांत काहीच भरली नाही. चोंदला तो पाइप. एवढ्या लांब पाइपात एका माणसाचं पाणी मैला ढकलत नाही. मधातच थांबते, वाळते. रोज दोन बादल्या जास्तीच्या ओतत जा."

"म्हणजे माणसं कमी पडली," त्या म्हणाल्या.

मी खाली मान घालून पाइपात बांबूच्या कामट्या सारू लागलो.

संध्याकाळपर्यंत पाइप मोकळा झाला. झाकण उघड्यावर बसवलं, कड्या वर ठेवल्या, कडेने नवं काँक्रीट भरलं. "सात दिवस दोन टाइम पाणी मारजा, नाहीतर चिरा पडतीन," मी बजावलं. बाईंनी संडासात बादलीमागून बादली ओतून पाहिली. सगळं पाणी सरळ निघून गेलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंसं झालं.

"आता राहतीन," त्या म्हणाल्या.

सोमवारी कडा पाहायला गेलो. ओसरीत तीन गाद्या घडी न मोडता तशाच पडल्या होत्या. बाई एकट्याच.

"पाहुणे?"

"काल जेवून गेले. जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन सौसरच्या लॉजवर. पहिलेच बुक केलं होतं म्हणे."

"संडास दुरुस्त झाला हे सांगतलं नाही का त्याईले?"

"सांगतलं न. वीरेंद्र म्हणे, बरं झालं आई, तुझी सोय झाली."

मला वीरेंद्रचा असा संताप आला की तोंडावर शिवीच आली. पण बाई उठल्या होत्या. त्यांनी हौदातून बादली भरली, आधी झाकणाच्या कडांवर पाणी मारलं, मग संडासात एक बादली ओतली. मग दुसरी.

"बस झालं बाई. दोनच म्हटलं होतं मी."

त्यांनी तिसरी भरली. "हे दहा माणसाची म्हणत होते न, मिस्त्री."

पाचवी बादली त्यांना दोन्ही हातांनी उचलावी लागली, तरी थांबेनात. पाणी अंगणाखालून टाकीकडे जात होतं, त्याचा आवाज आम्ही दोघंही ऐकत होतो. दहावी बादली मी भरून दिली.