उडत्या म्हशीचं तूप

कोपरखैरण्यातल्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. टाइल्सवाले, पेस्ट कंट्रोलवाले, पार्लरवाल्या, क्लासवाले, सगळे मोबाइल हातात धरून स्टेजकडे डोळे लावून बसले होते. स्टेजवर शिवतेज गुरुजी. कफनी नाही, जटा नाहीत. पांढरा टी-शर्ट, कानाला माइक आणि मागे भलामोठा पडदा.

"गूगल म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगूनही टाकलं, "विश्वाची स्मृती! आणि या स्मृतीला भूक कशाची? लिंकची! जो दुसऱ्याला जोडतो, तोच वर चढतो. कुंदनशेठ, या पुढे. आपला बीजमंत्र टाइप करा."

कुंदन हा बोनकोड्याचा मंडप डेकोरेटर. त्याने घामेजल्या बोटांनी टाइप केलं, 'कुंदन शुभमंगल मंडप बोनकोडे नंबर वन'. पडद्यावर त्याची वेबसाइट आली. पहिली!

"आयला, खरंच पयला हाय की!" कुंदनने कपाळाला हात लावला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. एका काकूंनी तर पडद्यालाच हात जोडले.

शेवटच्या रांगेत बसलेल्या अस्मिताने टाळी वाजवली नाही. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, त्यामुळे तिला हसू येत होतं. पण शेजारी बसलेला तिचा थोरला भाऊ सुगत जीव तोडून टाळ्या वाजवत होता. ते पाहून तिचं हसू गेलं.

कारण हे घर असल्या भानगडीत पडणाऱ्यांपैकी नव्हतं. वडील मारोतीराव नांदेडकडून येऊन तळोज्याच्या कारखान्यात राबले. घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. गंडेदोरे, मुहूर्त, अंगात येणं यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. कुणी लिंबू-मिरची घेऊन आला असता तर मारोतीरावांनी त्याला जिन्यावरूनच परत धाडला असता. शिवतेज गुरुजी मात्र लॅपटॉप घेऊन आले. त्यांच्याकडे दक्षिणेला सबस्क्रिप्शन म्हणत. लॅपटॉपवाल्या माणसाची उलटतपासणी घ्यायची असते, हे या घराला कुणी शिकवलंच नव्हतं.

सुगत महाप्याच्या एका गाळ्यात लहान मुलांचे बूट बनवायचा. साधे नव्हेत. काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं. डॉक्टर प्लास्टर घालून ते सरळ करतात आणि मग काही वर्षं झोपताना दांडीने जोडलेले बूट घालावे लागतात. पाय वाढला की नवे बूट. मध्ये खंड पडला, तर पाऊल पुन्हा आत वळतं. आईबाप दूरदूरवरून त्याला वेबसाइटवरून शोधत यायचे. वर्षभरापूर्वी गाळा कोपरखैरण्याहून महाप्याला हलवला, तेव्हा नवा पत्ता आणि नवा फोन त्या वेबसाइटवरच तेवढा टाकला होता.

आणि गुरुजींच्या मंडळात गेल्यापासून नवं मूल येणं जवळजवळ बंद झालं होतं.

"दादा, एकदा वेबमास्टर टूल्स उघडू या," अस्मिता कितीदा म्हणाली असेल. "गूगलच देतं, फुकट. लोक काय शोधतात, आपली साइट दिसते की नाही, कोण आपल्याला लिंक देतंय, म्हणजे आपल्या साइटकडे बोट दाखवतंय, सगळं कळतं."

"गुरुजींनी सांगितलंय, वर्षभर उघडायचं नाही. बी पेरल्यावर कुणी रोज उकरून बघतं का? आणि त्याचं लॉगिन त्यांच्याकडेच असतं."

"आपल्या साइटचं?"

"तू टेन्शन नको घेऊ यार! रोज सकाळी बीजमंत्र टाकतो, रोज पहिला नंबर येतो. डोळ्यांनी बघतोय ना मी!"

मारोतीराव पेपर वाचत होते. ते चष्मा काढून म्हणाले, "ज्याचं घर, त्यानंच कुलूप काढून बघू नये व्हय? कामून बघू नये, ते तरी विचार त्याला." सुगत जेवणाचं ताट अर्धं टाकून उठला.

बुधवारी सगुणा आली. अस्मिता डबा द्यायला गाळ्यावर गेली होती. दारात एक बाई धापा टाकत उभी राहिली, कडेवर तीन वर्षांची पोर. तळोज्याच्या बाजूच्या गावातली सगुणा आणि तिची नमिता. सुगतने दोघींना लगेच ओळखलं. नमिताचे पहिले बूट त्यानेच शिवले होते.

"कुठं होतास रं दादा?" सगुणा रडायच्या बेतात होती. "माजा फोन हरवला, तुजा नंबर गेला. जुन्या गाल्यावर गेले, तं तिथं मोमोवाला. भाच्यान नेटवर वाकड्या पायाचं बूट शोध शोध शोधलं, तू कुठंच नाय. मंग दुसरीकरचं बूट घेतलं. तं पोरीला टोचायचं, ती फेकून द्यायची. आज एका रिक्षावाल्यान तुजी पाटी सांगली." तिने नमिताला खाली ठेवलं. "बघ आता."

सुगत गुडघ्यावर बसला. नमिताचं डावं पाऊल टाचेतून आत वळलं होतं. त्याने ते पाऊल हातात धरलं. मग मान वर न करताच म्हणाला, "अस्मिता, साइटचा पासवर्ड देतो. उघड."

साइट आपलीच आहे हे सिद्ध करायला गूगल एक छोटीशी फाइल देतं. ती साइटवर ठेवायची, बस. गुरुजींच्या लॉगिनची गरजच नव्हती. दोन दिवसांत आकडे आले. मुलांचे पाय, बूट, नवी मुंबई, असलं काहीही शोधणाऱ्याला सुगतची साइट दिसतच नव्हती. तिला लिंक देणारे कोण, तर रमीवाले, सट्टेवाले आणि मंडळातले पेस्ट कंट्रोलवाले. आणि वर गूगलचा इशारा, की या साइटवर बनावट लिंकांचा व्यवहार चालतो, म्हणून तिला मागे टाकलं आहे. अस्मिताने मग सुगतच्या साइटचं पान कोडसकट उलगडून पाहिलं. तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा, जुगाराच्या जाहिरातींच्या लिंक दडवलेल्या होत्या.

गुरुजींचा खरा धंदा हा होता. जुगारवाल्यांना ते मंडळाच्या साइटांवरची जागा विकत होते. भाविकांकडून वर्गणी घ्यायची आणि त्यांच्याच भिंती भाड्याने द्यायच्या.

पुढच्या रविवारी अस्मिता उभी राहिली. "गुरुजी, मलापण एक बीजमंत्र सुचलाय. सगळ्यांनी टाइप करा. 'उडत्या म्हशीचं तूप बोनकोडे'."

हॉलमध्ये खसखस पिकली. पण बोटं हललीच. आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पहिलं काय आलं? उडत्या म्हशीच्या तुपाचं पान!

"हे पान मी परवा बनवलं," अस्मिता म्हणाली. "मी सिद्ध नाही, माझ्याकडे म्हैसही नाही. जे शब्द जगात दुसऱ्या कुणीच लिहिले नाहीत, त्यांना पहिला नंबर मिळणारच. शर्यतीत एकटेच धावलात तर पहिले येणार नाही तर काय! तुमच्या प्रत्येकाच्या बीजमंत्रात तुमचंच नाव आहे. ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे, तो तुम्हाला शोधेल कशाला? कुंदनदादा, नाव काढा. नुसतं 'मंडप डेकोरेटर कोपरखैरणे' टाका."

कुंदनने टाकलं. खाली खाली सरकवत गेला. दुसरं पान, तिसरं पान. "मी कुठं हाय? मी तं नायच कुठं!"

गुरुजी शांतपणे हसले. "ताई, तुम्ही टूल उघडलंत ना? सांगितलं होतं, उघडू नका. म्हणून हा कोप झाला."

लोक अस्मिताकडे वळून पाहू लागले. क्षणभर तिला भीती वाटली. तेवढ्यात सुगत उठला आणि त्याने तो इशारा पडद्यावर लावला. "ही तारीख वाचा. होळीच्या आधीची आहे. आम्ही टूल उघडलं या आठवड्यात. उघडायच्या आधीच कोप कसा झाला, गुरुजी?"

गुरुजींना अचानक पनवेलचा सेमिनार आठवला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढणारा तो माणूस लॅपटॉप बगलेत मारून मागच्या दाराने सटकला. पण सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. काहीजण त्याच्या मागे धावले, ते पकडायला नव्हे, थांबवायला. एक टाइल्सवाले तर अस्मितालाच म्हणाले, "चांगलं चाललं होतं, तुम्ही वाट लावली." काय चांगलं चाललं होतं, ते त्यांना सांगता येईना.

सुगतने माइक घेतला.  "मी आयुष्यात कुठे नारळ फोडला नाही, म्हणून मला वाटायचं, मी फसणार नाही. कॉम्प्युटरमधून आला म्हणून मी त्याला सायन्स समजलो. सायन्स कधी 'बघू नका' म्हणत नाही. आज घरी जा, आपापल्या साइटची चावी परत घ्या, टूल उघडा. पानाच्या तळाशी त्याने दडवलेल्या जुगाराच्या लिंक काढा, गूगलला कळवा. वेळ लागेल, पण साइट परत दिसेल. आणि यापुढे कुणी काही दाखवलं, तर आधी विचारा, हे आणखी कुणी करून दाखवू शकतं का? मग ते कुणी भगव्यात सांगो की टी-शर्टात."

सोमवारी नमिताच्या पायाला पुन्हा प्लास्टर घातलं. सुगत हॉस्पिटलात सगुणासोबत होता. तिला त्याने सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "एवरा शिकलेला तू. मंग इचारलं का नाय त्याला?"

हाच प्रश्न त्या हॉलमधल्या प्रत्येकाला विचारता आला असता. म्हणून वाचकहो, एवढंच करा. जो उघडून बघू नका म्हणतो, त्याच्या समोरच उघडून बघा. विचारायला लाजलो आपण मोठी माणसं. प्लास्टर मात्र तीन वर्षांच्या पोरीच्या पायाला बसलं.