मापाची घोंगडी

दिवाळीची सुट्टी संपत आली आणि माझ्या वडिलांनी, म्हाळूआबांनी, नातीसाठी घोंगडी विणून घेतली. आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर. माझी स्वप्नाली सातवीत आहे. तिला वाटलं, दिवाळीची भेट. अंगाभोवती लपेटून ती अंगणभर मिरवत सुटली. मला मात्र तिचा अर्थ ठाऊक होता.

आमच्यात पोराला त्याच्या मापाची घोंगडी देतात ती लाडानं नव्हे. घोंगडी मिळाली की पोर कळपाचं झालं. दिवाळी झाली की मेंढरं बालाघाटावरून खाली गोदाकाठी उतरतात, पाऊस पडेपर्यंत तिकडंच, आणि घोंगडीवालं पोर त्यांच्यामागं. हे कुणी तोंडानं सांगत नाही. पाचवीत मलाही अशीच मिळाली होती. मी येडा, ती पांघरून ऐटीत शाळेत गेलो, कुणाला हात लावू दिला नाही. गुरुजींनी माझ्याकडं बघून हजेरीपट मिटला. त्यांना रीत ठाऊक होती. कळप निघाला आणि माझी शाळा तिथंच सुटली.

पण खोटं कशाला बोलू? ते दिवस सोन्याचे होते. नुकतं जन्मलेलं कोकरू घोंगडीच्या खोळीत घालून चालायचं, त्याची ऊब पोटाला लागायची. आई तीन दगडांवर भाकरी भाजायची, वर शेळीचं ताजं दूध. कपिलधारच्या डोंगरात मी शीळ घातली की बुजरी मेंढीसुद्धा माघारी वळायची. आता मांजरसुंब्याला ढाब्यावर तंदूरपुढं उभा असतो, आणि हायवेवरून कळप गेला की माझ्या रोट्या करपतात. मालक शिव्या घालतो. घालू दे. लोकरीचा तो वास आला की मला अजून भूक लागते.

आबांचे गुडघे आता गेलेत, एकट्याला कळप आवरत नाही. पोरगी सुट्टीभर त्यांच्यामागं हौसेनं हिंडली, त्यामुळं त्यांना वाटलं, जमलं.

संध्याकाळी ते म्हणाले, "परवा निघायचं, सपने. कापडं बांधून ठिव."

"कुठं आबा? सोमवारी शाळा हाय."

"शाळा कुठं पळून जाती? मेंढरं पळत्यात."

पोरीनं अंगावरची घोंगडी काढली. "आबा, आमच्या शाळेत वकीलबाई आलत्या. सुट्टीत, नायतर शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हातभार लावला तर चालतंय म्हणल्या. पर शाळा बंद करून लेकराला कामाला लावायचा हक्क आईबापालाबी न्हाई."

आबा भडकले. "माझी नात, माझी मेंढरं, आन् मधी कायदा कावून? ह्या रामेश्वरला न्हेलंच की! ईचार तुझ्या बापाला, सुखात व्हता का न्हाई."

बायको, बबिता, भाकरी थापता थापता थांबली. पोरीचा चेहरा उतरला. तिला ठाऊक आहे, घरात मी तोंड उघडलं की मेंढरांचंच कौतुक निघतं. माझ्या एका शब्दावर तिची शाळा होती आणि तो शब्द काय असणार, हे तिनं ओळखलं होतं.

"सुखात व्हतो," मी म्हणालो.

"बघ!" आबा म्हणाले.

"पर आबा, गावाकडं आलो की मी मेंढरं वढ्याकडनं न्यायचो. ध्यानात हाय का?"

"त्याच्यात काय? तिकडं गवत व्हतं."

"तिकडं नुसता खडक हाय. शाळंवरनं जायला लागू नये म्हणून तिकडनं न्यायचो. पोरांचे पाढे कानावर आले की मला लई रडू यायचं."

आबांनी डोक्याचा पटका काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा बांधला. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

"मंग मला कावून बोलला न्हाईस?"

"तुमी ईचारलं व्हतं का?"

चुलीतलं लाकूड बबितानं उगाच मागं ओढलं. आबा म्हणाले, "मेंढरामागं कोन मंग?"

"मी येतो."

"आन् ढाबा?"

"मालकाला दुसरा मानूस मिळंल."

आबा माझ्याकडं बघतच राहिले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "पोरीपायी तुला लावायचं व्हय रं कामाला? परत तुलाच?"

"न्हाई आबा," मी म्हणालो, "अवंदा माझा मी येतोय."